सव्वा महिना संपल्यावर



महाराष्ट्रातील घरांमध्ये बाळंतपण म्हणजे सव्वा महिन्याचे व्रतच मानले जाई आणि अनेक घरांत ते आजही निष्ठेने पाळले जाते. माहेरची खोली, खिडकीवर पडदा, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल, सकाळी अंगाला तेल आणि कढत पाणी, मग शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपेची धुरी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. या व्यवस्थेवर टीका करणारे पुष्कळ आहेत. कोंदट खोली, धूर आणि पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमार यांविषयीची त्यांची टीका खोटीही नाही. परंतु या व्यवस्थेत एक शहाणपण होते, ते मान्य केले पाहिजे. चाळीस दिवस घरातील कोणाची ना कोणाची नजर त्या स्त्रीवर असे. ती जेवली का, झोपली का, अंगावरून किती जाते, ताप आहे का, हे विचारणारे माणूस उशाशी बसलेले असे.

सव्वा महिना संपतो. ओटी भरून, बाळाला दुपट्यात गुंडाळून मुलगी सासरी निघते. त्या दिवसापासून घरादाराची नजर बाळाकडे वळते. योगायोग असा की आधुनिक वैद्यकाने सूतिकाकालाची जी मर्यादा आखली तीही जवळजवळ हीच. मातामृत्यूची आंतरराष्ट्रीय व्याख्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांवर थांबते. म्हणजे आजीबाईची मोजणी आणि आरोग्य संघटनेची मोजणी दोनचार दिवसांच्या फरकाने एकाच वेळी बंद होते.

आणि नेमक्या याच काळात किंवा यानंतर काही आजार डोके वर काढतात. त्यांतील दोन येथे विचारात घ्यायचे आहेत. एक इतका सर्वत्र आढळणारा, की तो आजार आहे हेच पुष्कळांना पटत नाही. दुसरा इतका दुर्मिळ, की अनेक डॉक्टरांना सबंध कारकिर्दीत त्याचा एखाद-दुसराच रुग्ण भेटतो. पहिला आहे प्रसूतीनंतरचे औदासीन्य आणि त्याच्या जवळचे मनोविकार. दुसरा आहे गर्भाच्या वारेतून उद्भवणारा कर्करोग, ज्याला वैद्यकात कोरिओकार्सिनोमा म्हणतात. वरकरणी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मात्र दोहोंवरील संशोधनाचा इतिहास पाहिला, तर एकच गोष्ट दोन्हीकडे दिसते. औषध किंवा उपाय हाताशी आहे, बहुतेक रुग्ण बऱ्या होतात, आणि तरीही ज्या दगावतात त्या प्रामुख्याने कोणी वेळेवर चौकशी न केल्यामुळे दगावतात.

प्रथम दुर्मिळ आजार घेऊ. त्याच्या औषधाची कथा फार दूर जात नाही, ती मुंबईच्या गिरणगावात सुरू होते.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी चालली होती, त्या कामासाठी मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावले होते. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होत असे. लोह देऊनही तो हटत नसे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटलेल्या, पण आकाराने मोठ्या झालेल्या दिसत. विल्स बाईंनी या स्त्रियांचे आहार तपासले, तसे अन्न देऊन प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी उपाय सापडला तो अगदी स्वस्त पदार्थात. यीस्टच्या अर्कापासून बनवलेले मार्माइट नावाचे काळे, खारट चाटण विलायतेत पावाला लावून खातात. ते दिल्याबरोबर या बायांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या चाटणात असे काय होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९४१ साली ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले. आज प्रत्येक गर्भवतीला ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांचे मूळ गिरणगावातील त्या अनाम बायांच्या रक्तात आहे. दुर्दैवाने मुंबईकरांनाही हे क्वचितच माहीत असते.

या कथेचा दुसरा अंक एका भारतीयाचा आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमवरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांनी खादी वापरण्यास सुरुवात केली, त्याचा इंग्रज प्राध्यापकाला राग आला आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे लागले. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे अमेरिकेत गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी शरीरातील फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत शोधली ती जगभर रूढ झाली. १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील चमूने फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले, आणि मग त्याचेच विरोधक असे पदार्थ बनवण्यास आरंभ केला. हे विरोधक दिसायला फॉलिक अॅसिडसारखे, पण गुणाने उलटे. वेगाने वाढणारी पेशी त्यांना आपले अन्न समजून घेते आणि तिची वाढ खुंटते. १९४८ साली बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध रक्ताच्या कर्करोगाने मरणासन्न झालेल्या बालकांना दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. काही मुले तात्पुरती का होईना, उठून खेळू लागली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. वय अवघे त्रेपन्न. भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले ते १९९५ साली, जन्मशताब्दीला. त्यांच्याच परंपरेतील एका सुधारित औषधाचे नाव मेथोट्रेक्सेट.

आता तिसरा अंक, आणि येथे बाळंतीण पुन्हा रंगमंचावर येते. गर्भ राहिल्यावर गर्भाशयात जी वार तयार होते, तिच्या पेशींना मातेच्या शरीरात शिरून रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचण्याची निसर्गदत्त शक्ती असते. एरवी त्यांना योग्य वेळी लगाम बसतो. क्वचित तो बसत नाही. कधी गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोडच वाढतात, त्याला आपल्याकडे द्राक्षगर्भ म्हणतात. तो काढून टाकल्यावरही काही स्त्रियांत त्याच्या पेशी वाढत राहतात. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण सहा-सात जणींपैकी एकीला पुढे औषधोपचार लागतात. याहून दुर्मिळ म्हणजे अगदी सुरळीत बाळंतपणानंतर, निरोगी बाळ मांडीवर असताना, वारेच्या उरलेल्या पेशींतून कोरिओकार्सिनोमा उद्भवतो. तो फुप्फुसात जातो, यकृतात जातो, मेंदूत जातो. १९५५ पर्यंत तो पसरला म्हणजे मृत्यू अटळ समजला जाई.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉय हर्ट्झ आणि मूळचे चीनमधील डॉ. मिन चिउ ली यांनी अशा स्त्रियांना मेथोट्रेक्सेट देऊन पाहिले. फुप्फुसातील गाठी विरल्या. १९५६ साली हा अनुभव प्रसिद्ध झाला आणि केवळ औषधाने घन गाठीचा कर्करोग बरा होऊ शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. परंतु या कथेतील विचार करायला लावणारा भाग यापुढचा आहे. वारेच्या पेशी एचसीजी नावाचे एक द्रव्य तयार करतात; गरोदरपणाची चाचणी त्यावरच चालते. डॉ. ली यांच्या लक्षात आले की क्ष-किरण चित्रात गाठ दिसेनाशी झाल्यावरही रुग्णाच्या लघवीत हे द्रव्य थोडे शिल्लक असते. म्हणजे शत्रू दृष्टिआड झाला होता, पण गेला नव्हता. म्हणून द्रव्याचे प्रमाण पूर्णपणे सामान्य होईपर्यंत ते विषारी औषध देत राहिले. बरी दिसणाऱ्या बाईला विष कशासाठी पाजता, असा वरिष्ठांचा आक्षेप होता. ली यांना ती संस्था सोडावी लागली. कालांतराने दिसून आले की ज्यांचे उपचार गाठ दिसेनाशी होताच थांबवले होते, त्यांच्यात रोग उलटला, आणि ली यांच्या पद्धतीने शेवटपर्यंत औषध घेतलेल्या स्त्रिया वाचल्या. १९७२ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत हर्ट्झ यांच्याबरोबर त्यांचेही नाव होते.

परळच्या गर्भवतीच्या आजारातून निघालेला शोध असा पाव शतकाने पुन्हा मातेच्याच उपयोगी पडला. आज हा आजार कमी धोक्याच्या अवस्थेत सापडला, तर जवळजवळ प्रत्येक स्त्री बरी होते, गर्भाशय न काढता बरी होते, आणि तिला पुढे मुले होतात. ब्रिटनमध्ये केनेथ बॅगशॉ यांनी लंडनमध्ये या आजाराचे खास केंद्र उभे केले. १९७३ पासून तेथे द्राक्षगर्भ झालेल्या प्रत्येक स्त्रीची नोंद होते. ती आपल्या गावीच राहते, लघवीचा किंवा रक्ताचा नमुना टपालाने ठरलेल्या प्रयोगशाळेकडे धाडते, आणि आकडा वाढू लागला तरच तिला बोलावणे येते. दुर्मिळ आजाराचे तज्ज्ञ गावोगाव असूच शकत नाहीत. नमुना आणि नोंद मात्र प्रवास करू शकतात. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाल उभे राहिले आहे. देशभरातील केंद्रे त्यात जोडली गेली आहेत. त्याच दिशेने हा प्रयत्न म्हणावा लागेल.

दुर्मिळ या शब्दाने मात्र फसू नये. सुरळीत प्रसूतीनंतर कोरिओकार्सिनोमा होण्याचे प्रमाण पन्नास हजारांत एक एवढे धरले जाते. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात. हिशेब ज्याचा त्याने करावा. प्रत्येक वर्षी चारशेहून अधिक तान्ही बाळे अशी, की ज्यांची आई एका साध्या चाचणीने वाचू शकते. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा द्राक्षगर्भानंतर रक्तस्राव लांबत चालला, थांबून पुन्हा सुरू झाला, तर बीटा-एचसीजीची तपासणी करून घ्यावी, एवढाच नियम आहे. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होऊ शकते. कधी पहिले लक्षण गर्भाशयाचे नसतेच. खोकल्यातून रक्त पडते, आणि आपल्या देशात खोकल्यातून रक्त म्हटले की क्षयाचेच औषध सुरू होते. मागच्या पिढ्यांत बाळंतपणानंतर खंगत गेलेल्या स्त्रीच्या आजाराला ‘बाळंतरोग’ हे एकच नाव पुरत असे. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळे आजार जाळले गेले असतील, याची गणती नाही.

द्राक्षगर्भ झालेल्या स्त्रीच्या मनाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिला ना बारसे, ना सव्वा महिना. रिकाम्या हातांनी ती घरी येते. आकडा उतरेपर्यंत वारंवार तपासणी करायची आणि त्या काळात पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत, असे डॉक्टर बजावतात. इकडे घरातले, शेजारचे, लग्नाकार्यात भेटलेले, सगळे हसत हसत विचारतात, ‘काय, गोड बातमी कधी?’ तिला झालेला आजार कोणाला सांगण्यासारखा नसतो आणि झालेले दुःख दुःख म्हणून कोणी मोजत नाही. या स्त्रियांमध्ये चिंता आणि औदासीन्य यांचे प्रमाण लक्षणीय आढळते, यात नवल नाही. येथे दुर्मिळ आजार सर्वसामान्य आजाराला येऊन मिळतो.

प्रसूतीनंतरच्या मनोविकारांच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की अनर्थ होतो. पहिली पायरी हळवेपणाची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विनाकारण रडू येणे, चिडचिड, मन भरून येणे. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होते आणि दहाएक दिवसांत आपोआप ओसरते. त्याला धीर पुरतो, औषध लागत नाही. दुसरी पायरी औदासीन्याची. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाही, बाळाविषयी ओढ वाटत नाही, आपण नालायक आई आहोत असे सतत वाटते, बाळ झोपले तरी हिला झोप लागत नाही. तिसरी पायरी सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत धोक्याची. हजारांत एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एकाएकी वेडाचा झटका येतो. झोप पूर्ण उडते, संशय येतात, आवाज ऐकू येतात, बाळाविषयी भलत्याच कल्पना मनात घर करतात. याला आपल्याकडे ‘वायू झाला’ म्हणतात किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करतात. तेथे आई आणि बाळ दोघांचाही जीव टांगणीला लागलेला असतो; हे क्षण रुग्णालयात नेण्याचे असतात, देवऋषीकडे नेण्याचे नव्हेत. वेळेवर उपचार झाले, तर यांतील बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

हे विकार आजकालच्या मुलींनी किंवा पाश्चात्त्य राहणीने आणले, असे म्हणणारे भेटतात. काश्यपसंहितेत सूतिकेच्या रोगांचा स्वतंत्र विचार आहे. आपल्या वैद्यांना ही अवस्था नाजूक असते हे ठाऊक होते. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ साली प्रसूतीशी निगडित वेडावर ग्रंथ लिहिला. आजार जुना आहे. त्याची मोजदाद तेवढी नवी. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली, ती एडिंबरा मापिका म्हणून जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच ती विचारते. त्या प्रश्नांची रचना मोठी जाणती आहे. नव्या आईची झोप बाळामुळे मोडतेच, म्हणून ‘झोप लागते का’ असे ते विचारत नाहीत. ‘मन इतके दुःखी असते का की त्यामुळे झोप लागत नाही’ असे विचारतात.

या विषयावरील भारतातील एक महत्त्वाचे संशोधन गोव्यात झाले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयातील २७० मातांचा गरोदरपणापासून मागोवा घेतला आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया औदासीन्याने ग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुसंख्य गरोदरपणातच खचलेल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. कारणांत दारिद्र्य होते, नवऱ्याचा त्रास होता, आणि एक कारण असे की ते वाचून मान खाली जावी. जन्मलेले बाळ मुलगी आहे की मुलगा, यावर आईचे मन आजारी पडणे काही अंशी अवलंबून होते. जगातील इतर देशांच्या अभ्यासांत हा घटक क्वचितच दिसतो. ज्या समाजात देवीची नवरात्रे बसतात, त्याच समाजात मुलगी झाली म्हणून बाळंतिणीच्या ताटातली भाकरी निमूट कमी होते. हे शास्त्रीय नियतकालिकात छापून यावे, तेव्हा त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. याच अभ्यासगटाने पुढच्या वर्षी दाखवले की आजारी आईची बाळे सहा महिन्यांनी वजनात आणि उंचीत मागे पडतात. बाळासाठी तरी आईकडे पाहा, असे म्हणण्याची ज्यांना गरज वाटते त्यांच्यासाठी हे पुरेसे आहे. २०१७ साली देशभरातील ३८ अभ्यास आणि वीस हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हाही प्रमाण २२ टक्के निघाले. पाच बाळंतिणींमागे एकीहून अधिक.

याचा शेवट कधी कधी विहिरीत होतो. केरळातील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण चालवले आहे, त्यात आत्महत्या हे ठळक कारण म्हणून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदरपणातील आणि प्रसूतीनंतरच्या आत्महत्येचा समावेश थेट मातामृत्यूंच्या कारणांत केला. तोपर्यंत अशा मृत्यूची गणना अपघाती म्हणून बाजूला पडे.

इतक्या स्त्रियांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत. मग उपाय कोणी करायचा? याचे उत्तर देणारा एक प्रयोग रावळपिंडीच्या ग्रामीण भागात झाला. शेजारी देशाशी आपले राजकीय संबंध काहीही असोत, तेथील खेड्यातली सासू आणि आपल्या खेड्यातली सासू यांच्यात फारसे अंतर नाही. डॉ. अतीफ रहमान यांनी तेथील माध्यमिक शिक्षण झालेल्या आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण दिले. या सेविका घरी जाऊन आईशी बोलत, तिच्या निराश विचारांना हलकेच दुसरी वाट दाखवत, घरच्यांना सोबत घेत. भेटीचे निमित्त नेहमी बाळाचे आरोग्य असे, म्हणून दार उघडले जाई. ‘मनाचा आजार’ म्हटले असते तर उंबरठ्यावरूनच परतावे लागले असते. २००८ साली लॅन्सेटमध्ये आकडे आले. सहा महिन्यांनी या घरांतील २३ टक्के स्त्रिया आजारी राहिल्या होत्या, तर नेहमीच्या पद्धतीच्या भेटी झालेल्या घरांतील ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या अनुभवी स्त्रियांकडे सोपवून पाहिले गेले. त्यांना सखी म्हणत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला परिणाम संमिश्र होता. आजारातून पूर्ण बाहेर आलेल्यांचे प्रमाण वाढले, परंतु लक्षणांच्या तीव्रतेत मोठा फरक सिद्ध झाला नाही. सखीला पगारी सेविकेइतके प्रशिक्षण आणि पाठबळ लागते, असा त्याचा अर्थ घेता येईल. केवळ गोड बोलण्याने हा आजार जात नाही.

गंभीर रुग्णांसाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ साली आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करू नये, असे बंधनच घातले. औषधांतही संशोधन पुढे गेले आहे. प्रसूतीनंतर शरीरातील काही संप्रेरकजन्य द्रव्ये एकाएकी घटतात. तीच द्रव्ये पुरवणाऱ्या एका औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये आणि त्याच जातीच्या गोळीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती महाग आहेत. आपल्याकडील नेहमीच्या नैराश्यविरोधी औषधांपैकी काही अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात, कारण दुधात ती फारच थोडी उतरतात. ‘औषध घेतलेस तर दूध तोडावे लागेल’ असे घरातल्यांनी परस्पर सांगू नये. आणि डॉ. ली यांचा धडा येथेही लागू पडतो. मुलगी बारशाच्या दुसऱ्या फोटोत हसली, चार लोकांत बोलली, म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि दोन महिन्यांत आजार उलटतो. येथे लघवीत मोजण्यासारखे द्रव्य नाही. तिलाच विचारावे लागते.

मनाचा आजार ठरवण्यापूर्वी शरीर तपासणेही तितकेच आवश्यक. प्रसूतीनंतर थायरॉइड ग्रंथी बिघडते, पंडुरोग असतो, आणि बाळंतपणात फार रक्त गेले असेल तर मेंदूतील पीयूष ग्रंथी निकामी होऊन दूध न येणे, मरगळ, थंडी वाजणे अशी लक्षणे दिसतात. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले. तिन्ही अवस्था ‘आळशी झाली’ या शब्दांत सहज खपून जातात.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रीला शिकवून नवजात बालकांचे मृत्यू किती घटवता येतात, हे १९९९ साली दाखवले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरभेटी देतात. बाळाचे वजन, तापमान, स्तनपान यांवर त्यांचा मुख्य भर असतो. आईला ताप आहे का, स्राव कसा आहे, ती असंबद्ध बोलते का, हेही विचारले जाते. बेचाळिसाव्या दिवशी ही भेट संपते. त्यानंतरही आईसाठी घराचे दार ठोठावणारे कोणी हवे, आणि ते वस्तीतल्या महिला मंडळातले, शेजारचे, नात्यातलेही असू शकते.

अशी भेट घेणाऱ्याने काय करावे? बाळासाठी झबले-टोपडे घेऊन जावे. बाळाचे कौतुक करावे आणि बाळ आजीच्या मांडीवर द्यावे. आजीला पाणी किंवा चहा सांगावा, म्हणजे ती थोडा वेळ आत जाईल. मग आईला आधी तिच्या अंगाचे विचारावे. रक्त जाणे थांबले का, पुन्हा सुरू झाले का, खोकला आहे का. त्यानंतर मनाचे. कशातच रस वाटत नाही का, भीती वाटते का, स्वतःलाच दोष देतेस का. एडिंबराच्या प्रश्नावलीत दहावा आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा समज निराधार आहे. उलट विचारल्यावर अनेकींना प्रथमच बोलता येते. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रात्रीची वेळ असेल तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजी चहा घेऊन बाहेर येईल तेव्हा बोलणे पुन्हा बाळाकडे वळवावे आणि पुढच्या आठवड्यात येण्याचे सांगून उठावे.